कुशींचा हिशेब

कोतवालाला आम्ही मासळीच्या काट्यावर तोललं.
फाटक्या जाळ्याची झोळी, चारही टोकं आकड्यात,
एकवीस किलो.
काटा थांबेपर्यंत तो माझ्याकडे असा पाहत राहिला
जसा काही उद्याच्या बाजाराला त्यालाच न्यायचाय.

अकरा वर्षं त्यानं मामा तलावाची पाळ राखली,
पाणमांजरांशी रात्र रात्र भांडला,
आणि लागलं ते आपल्याच अंगणात,
तणसीची ट्रॉली मागं घेताना.

साकोलीच्या सोनकुसरे मॅडमनी खुबा हळूच फिरवला.
तो ओरडला नाही. फक्त जीभ आत घेतली.
"दुखणं पूर्ण जाणार नाही, काका. आटोक्यात ठेवायचं."
ते मला समजलं.
तलावाचं तुडूम कितीही दाबून बसवा,
पाझर असतोच.

माझी गुडघ्याची पांढरी गोळी मी खिशातून काढली होती,
अर्धी त्याला, अर्धी मला.
मॅडमनी हातच धरला.
माणसाची गोळी कुत्र्याचं पोट आतून फोडते म्हणे.
त्याची वेगळी, वजनावर मोजलेली,
आणि पोटात भात गेल्याशिवाय नाही.

मरळीचं डोकं बंद. दोन किलो उतरवायचे.
हे त्याला कोण सांगणार?
तो आठ दिवस जाळ्यापाशी बसून राहिला,
मी पाठ करून मासे निवडले.

घरकुलाच्या नव्या टाइलवर त्याचे मागचे पाय
दोन दिशांना जायचे.
सुनेनं, रेवतानं, युरियाची नाही, तागाची पोती शोधून
सुतळीनं एकाला एक जोडली:
चुलीपासून दारापर्यंत,
दारापासून कडुनिंबापर्यंत.
आता पाहुणेही त्याच वाटेनं येतात.

रेती तव्यावर तापवायची, धोतराच्या फडक्यात बांधायची,
आधी आपल्या मनगटाला लावून पाहायची.
दहा मिनिटं.
मग उन्हं चढली, काठचं पाणी कोमट झालं, की तलाव.

पोटाखालून दुपट्टा, दोन्ही टोकं माझ्या मुठीत,
शिंगाड्याच्या वेली बाजूला सारत
आम्ही छातीइतक्या पाण्यात, म्हणजे त्याच्या छातीइतक्या.
पहिल्या दिवशी तो नुसता लोंबकळला.
चौथ्या दिवशी नऊ पावलं.
काठावरून हरबाजी ओरडला,
"काहो, कुत्र्याले पोहनं शिकवता का म्हातारपनी?"
मी म्हटलं, चालनं.

पण दुखतं किती, हे कळायचं कसं?
मॅडम म्हणाल्या, रात्री कूस किती वेळा बदलतो, ते मोजा.

भागरता खाटेवर होती त्या वर्षी
मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

मी खाट त्याच्या पोत्यापाशी ओढली.
कॅलेंडरच्या चौकोनात, तिथीच्या खाली, पेन्सिलीनं:
सतरा. चौदा. एकोणीस, त्या दिवशी थंडी होती.
अकरा. अकरा. आठ.
मधे एकदा परत पंधरा,
मीच पाण्यात जास्त वेळ ठेवलं होतं, हावरटासारखं.

काल रात्री दोन मोजल्या.
तिसरीची वाट पाहता पाहता कौलांत उजेड दिसला,
म्हणजे मी झोपलो होतो.
पोतं रिकामं.

तो बाहेर होता, त्याच ट्रॉलीच्या चाकापाशी.
चांगला पाय वर,
सारा भार दुखऱ्यावर,
थरथरत,
चारच थेंब असतील.
मग पाय खाली, आणि माझ्याकडे न बघता
पोत्यांच्या वाटेनं आत.

रेवता पेन्सिल घेऊन उभी,
"मामाजी, आजचं का लिहू?"
मी चौकोन पाहिला.
राहू दे, म्हटलं,
आणि आधी त्याचा भात दे, गोळीची वेळ झाली.